पळणारी पोरं कोण हेरतं?

स्मरणिकेच्या समितीने लेख मागताना एक अट घातली होती. आठवणी नकोत, त्या सगळेच लिहिणार आहेत. जरा माहितीचं काही दे. म्हणून इतिहासाचा विषय घेतला. बाईंनी आपल्याला शिकवलेला इतिहास तहांचा आणि सनावळ्यांचा होता, हा तसा नाही. महाराष्ट्रातले लांब पल्ल्याचे धावपटू कुठून आले, त्यांना कोणी हेरलं, आणि आपल्या वाशिमकडची मुलं त्या वाटेवर का दिसत नाहीत, एवढाच याचा आवाका आहे.

विषय सुचला तो माझ्या नोकरीमुळे. गेली काही वर्षं मी सॉफ्टवेअर कंपनीत नवीन माणसं घेण्याच्या मुलाखतींना बसते. आमच्याकडे एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो आणि आमचं काम चाळण्याचं असतं. धावण्यात सगळं उलटं आहे. ज्या मुलीच्या फुफ्फुसात आणि पायांत दहा हजार मीटरची शर्यत आहे, तिला अशी काही शर्यत असते हेच माहीत नसतं. ती अर्ज करत नाही. ती शेतात असते किंवा पाणी भरत असते. म्हणून चांगला प्रशिक्षक बसून चाळत नाही, तो शोधत फिरतो. धावपटूंच्या चरित्रांत या फिरण्याबद्दल फार थोडं लिहिलेलं सापडतं. पदकापासून पुढचं सगळं सविस्तर असतं. पहिल्यांदा कोणाची नजर गेली, हे एका वाक्यात उरकतात.

आधी गट म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातल्या बहुतेकांना धावणं हा एकट्याचा खेळ वाटतो. शर्यतीच्या दिवशी तो एकट्याचा असतो खरा. पण पाच हजार, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉनवाले वर्षातले बहुतेक दिवस घोळक्याने पळतात. जरा पुढचा, जरा मागचा, दोन वर्षं जुना, सहा महिने नवा, असे सहा-आठ जण तरी लागतात. कठीण सरावाच्या दिवशी एक जण पुढे राहून वेग धरतो आणि बाकीचे त्याच्या पाठीला चिकटतात. पुढच्या फेरीला दुसरा पुढे येतो. नवीन पोरगं पहिल्या महिन्यात तिसऱ्या फेरीला सुटतं, तिसऱ्या महिन्यात सहाव्या फेरीला. त्याला शिकवणारा प्रशिक्षक एकच असतो, पण ओढणारे सहा असतात. आणि असा गट सतत गळत असतो. कोणाला दुखापत होते, कोणाला नोकरी लागून बदली होते, मुलींची लग्नं होतात. दर वर्षी दोन-तीन नवी मुलं आली नाहीत तर चार वर्षांत तो गट संपतो. शिवाय आलेलं पोरगं लगेच कामाचं नसतं. पाया व्हायलाच दोन-तीन वर्षं जातात. म्हणून भरती हे अशा गटाचं कायमचं काम असतं, वर्षातून एकदा करायचं नाही.

आपल्याकडची अशी पहिली मोठी भरती शंभर वर्षांपूर्वी पुण्यात झाली. डेक्कन जिमखान्याने १९१९ च्या सुमारास मैदानी स्पर्धा घेतल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. स्पर्धेत उतरलेली बरीच मुलं शेतकऱ्यांची होती. अनवाणी पळणारी, नियमांची फारशी ओळख नसलेली. पण घड्याळात त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले, कारण इंग्लंडमध्ये शिकल्यामुळे तिकडच्या मैदानांवर काय चालतं हे त्यांना माहीत होतं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याशी बोलून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्याची खटपट केली आणि पदरचा पैसाही घातला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटांच्या थोडी वर. त्या वर्षीचा मॅरेथॉनचा मार्ग आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. जिंकणारा फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत आला होता. पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या माणसासाठी एकोणिसावा क्रमांक म्हणजे काय, हे ज्यांनी एकदा तरी हाफ मॅरेथॉन केली आहे त्यांना विचारा. (आपल्या ग्रुपवर असे चार जण आहेत आणि ते दर रविवारी फोटो टाकतात.)

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण मला तिच्यात एक उणीव दिसते. चौगुले सापडले कारण त्या दिवशी योग्य माणूस योग्य मैदानाच्या कडेला बसला होता. नजर होती, पैसा होता, गव्हर्नरपर्यंत पोच होती. पण ती एका संघासाठीची निवड होती. चौगुल्यांच्या मागे पळणारी पुढची पोरं घडवणारा गट त्यातून उभा राहिला नाही.

आता आपल्या मैदानावर येते. समितीची अट थोडी मोडावी लागणार आहे.

आपण शिकत होतो तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, तोवर आपली बॅच दहावी होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे शाळेतून निवडलेलं पोरगं तालुक्यात जिंकलं की जिल्ह्याच्या स्पर्धेला अकोल्याला जायचं, एसटीने किंवा त्या मीटर गेजच्या गाडीने, जी घाटात इतकी हळू व्हायची की पळणाऱ्या मुलांना खाली उतरून तिच्याबरोबर पळावंसं वाटे. अकोल्यात जिंकलं की विभागाला अमरावती. त्यापुढे राज्य. प्रत्येक पायरीला घरून पैसे, सोबत आणि परवानगी लागायची. मुलींना परवानगी आधी आणि पैसे नंतर.

आपल्या वर्गात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेली एक मैत्रीण होती. नाव लिहीत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आठवीपासून ती दीड हजार मीटरला उभी राहायची. आपलं मैदान म्हणजे फक्की मारून आखलेला दोनशे मीटरचा गोल, त्याच्या साडेसात फेऱ्या. चौथ्या फेरीत ती बाकीच्या मुलींना पाठीमागून गाठायची, आणि तेव्हा नक्की कोण पुढे आहे हे आपल्याला कळायचंच नाही. पीटीचे सर मात्र स्टॉपवॉच धरून उभे असत. "पोट्टी दमतच नाही, हिला अजून लांबचं द्या लागते," असं ते हेडसरांना म्हणाल्याचं मला पक्कं आठवतं.

सरांनी ती सगळी वेळापत्रकं एका लांबट वहीत लिहून ठेवली होती. मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ती वही त्यांनी काढून दाखवली. मी मोबाईलवर पानांचे फोटो घेतले आणि, सवयीप्रमाणे, पुण्याला येऊन सगळे आकडे एका शीटमध्ये भरले. तिची दहावीची नोंद ५ मिनिटं २२ सेकंद आहे. अनवाणी, मातीवर, लहान गोलाच्या वळणांवर, शाळेच्या मैदानावरच्या महिन्याभराच्या सरावावर. आठवीपेक्षा ती तेहतीस सेकंदांनी कमी आहे, आणि मधल्या काळात तिला कोणीही शास्त्रशुद्ध काही शिकवलेलं नव्हतं. आज अशा नोंदी असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एखाद्या जाणकार प्रशिक्षकाला दाखवली तर तो पहिला प्रश्न विचारेल, "सराव किती वर्षं?" आणि "काहीच नाही" हे उत्तर ऐकून त्याच दिवशी गाडीत बसेल. वही मात्र सरांच्या कपाटात होती. जिल्ह्याला ती पहिली आली, विभागाला दुसरी. राज्याची स्पर्धा आली तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

सर कमी पडले, असं कोणाला वाटलं तर ते चूक आहे. त्यांच्या हातात होतं ते सगळं त्यांनी केलं. त्यांच्या वहीच्या दुसऱ्या टोकाला वाचणारा कोणीच नव्हता.

आपण बाहेर पडलो त्याच सुमारास सरकारने तसा वाचणारा निर्माण करायचा प्रयत्न केला. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं संकुल उभं राहिलं होतं आणि १९९६ पासून राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. वय वर्षं ८ ते १४ ची मुलं निवडायची, निवासी ठेवायची, शिक्षण आणि खेळ दोन्ही द्यायचं. निवडीसाठी नऊ चाचण्या: उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटरची शटल रन, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकता, आणि ८०० मीटर धाव. तुमच्यापैकी जे शिक्षक झाले त्यांनी या चाचण्या घेतल्याही असतील. कल्पना चांगली आहे आणि तिच्यातून चांगले खेळाडू निघालेही. अकोल्याच्या प्रबोधिनीतली मुष्टियुद्धाची पोरं तर आपल्या शेजारची. पण इंजिनिअरच्या नजरेने त्या नऊ चाचण्या पाहिल्या की दिसतं, आठ चाचण्या उंची, ताकद, वेग आणि लवचिकता मोजतात, दम मोजणारी एकच. आपल्या मैत्रिणीसारखी लहान चणीची, बारीक पोर उंचीत मागे पडणार, बॉल फेकीत मागे पडणार, उड्यांत बेताची. लांब पल्ल्याचं अंग बहुतेक वेळा असंच असतं, आणि ते उशिरा उमलतं. दहाव्या वर्षी ते पाहू म्हटलं तर दिसत नाही.

मग ते दिसतं कोणाला? याचं आपल्या राज्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर नाशिकला आहे. भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिथे भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर लांब पल्ल्याच्या धावपटूंचा गट बांधला. त्यातलं पहिलं मोठं नाव कविता राऊत. हरसूलकडचं सावरपाडा हे तिचं गाव, आदिवासी पाडा. धावणं का निवडलं, तर त्याला काही लागत नाही, अनवाणीही पळता येतं, असं तिनेच सांगितलेलं आहे. शालेय स्पर्धांतून ती पुढे आली आणि नाशिकच्या मैदानावर घडली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय महिलेचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दहा हजारला रौप्य, वेळ ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद, आणि पाच हजारला कांस्य. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव तेव्हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी होतं.

मला यात पदकांपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. कवितानंतर तो गट थांबला नाही. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे आली, ती २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव आली, तिने त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारचं रौप्य मिळवलं. एकाच जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांतून, एकामागून एक. नाशिकची हवा वेगळी असेल म्हणावं तर नाशिक काही फार उंचावर नाही, आपल्या वाशिमसारखंच पठारावरचं गाव. मुलीही आपल्यासारख्याच घरांतल्या. वेगळं होतं ते एवढंच की तालुक्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलीचं पुढे काय करायचं, हे तिथल्या गुरुजींना ठाऊक झालं होतं. आणि आईबापांना दाखवायला कविता होती. "पोरीला धाडू का नाशिकला?" या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षकाच्या बोलण्यापेक्षा ओएनजीसीत नोकरीला लागलेल्या कविताकडे बघून देणं सोपं असतं. आमच्या कंपनीत याला रेफरल म्हणतात. माझ्या अनुभवात सगळ्यात टिकाऊ माणसं त्याच वाटेने येतात.

शाळा आणि धावणं यांची सांगड जगात जिथे पक्की बसली त्या दोन गावांची नावं या निमित्ताने सांगते. एक केनियातलं इटेन. तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ मध्ये आयर्लंडहून ब्रदर कोम ओ'कॉनेल भूगोल शिकवायला आले. स्वतः कधी धावपटू नव्हते, प्रशिक्षणाची पदवी नव्हती. शाळेतल्या पोरांना पळवता पळवता ते शिकत गेले, मग सुट्ट्यांत आसपासच्या शाळांतल्या मुलामुलींची शिबिरं घेऊ लागले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखालचा. दुसरं गाव इथिओपियातलं बेकोजी. तिथे सेंतायेहू एशेतू नावाचे शाळेतले पीटीचे शिक्षक होते. १९९२ ला बार्सिलोनात दहा हजारचं सुवर्ण जिंकणारी देरार्तू तुलू, नंतरचे केनेनिसा बेकेले आणि तिरुनेश दिबाबा, ही सगळी त्या एका गावातून, त्या एका गुरुजींच्या नजरेखालून गेलेली आहेत. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या खूप वर आहेत आणि त्याचा फायदा होतोच, ते नाकारत नाही. पण तेवढ्या उंचीवर जगात इतर गावं कमी नाहीत.

महाराष्ट्रात दुसरी वाट सापडते ती नोकरीची. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. आपल्या विदर्भात खो-खोच्या मुली काय पळतात हे तुम्हाला सांगायला नको. ती रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळली, रेल्वेत लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली. तिथून बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांनी तिला मॅरेथॉनवरून तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे नेलं. हा निर्णय मला फार आवडतो. मॅरेथॉन जिंकणाऱ्या बाईला अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेल्या शर्यतीत टाकायचं, म्हणजे तिच्या पायांत खो-खोची चपळाई शिल्लक आहे हे कोणाला तरी दिसलं असणार. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ ला आशियाई विजेतेपद आणि २०१६ ला रिओत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह अंतिम फेरी. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत दहावी आली. आता त्याच माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी संस्थेने खेळणाऱ्या मुलामुलींसाठी काम उभं केलं आहे. एक मुलगी गेली की मागे वाट तयार होते ती अशी.

आणि अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळा सहा किलोमीटरवर, जायला गाडी नाही, म्हणून चालत-पळत. बारावी झाल्यावर सैन्यात भरती, महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. सियाचिनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला. तोवर तो धावपटू नव्हता, जवान होता. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला स्टीपलचेसला घेतलं. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कोणाला राष्ट्रकुल पदक मिळालं नव्हतं. मग २०२३ ला हांगझूच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद.

आपण टीव्हीवर टाळ्या वाजवल्या. पण हिशेब करा. जो मुलगा शाळेच्या वयात रोज सहा किलोमीटर जात-येत होता, त्याच्या अंगातलं धावणं वयाच्या विसाव्या वर्षानंतर उघडकीला आलं, आणि तेही सैन्याच्या भरतीत तो उत्तीर्ण झाला म्हणून. भरतीच्या त्या दिवशी छातीचं माप एखाद्या सेंटीमीटरने कमी भरलं असतं तर?

हा प्रश्न वाशिमचा आहे म्हणून इतका लांबून फिरून आले. आपला जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा म्हणजे काय ते पहाटे पाच वाजता गावाबाहेर निघालं की दिसतं. पुसद रोडला, हिंगोली रोडला, मंगरूळपीरकडे, सोयाबीनच्या शेतांच्या कडेने मुलंमुली पळत असतात. माहेरी आले की मीही पळते, आणि ही पोरं मला "मॅडम, साइड" म्हणत मागे टाकून जातात. ते सगळे भरतीची तयारी करतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्याच्या भरतीत १.६ किलोमीटर, अनेक वर्षं साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पहिला गट. पोलिसात महिलांना ३० टक्के आरक्षण असल्याने मुलींचे बापही आता स्वतः मोटारसायकल घेऊन पोरीच्या मागे येतात. आपल्या मैत्रिणीच्या काळात हे चित्र कल्पनेतही नव्हतं.

म्हणजे आज आपल्या जिल्ह्यात लांब पल्ल्याची सर्वात मोठी चाळणी रोज सकाळी आपोआप चालू आहे. पण तिचं मोजमाप एका ठिकाणी थांबतं. ठराविक वेळेच्या आत आलं की पूर्ण गुण. जो पोरगा त्या वेळेच्या दोन सेकंद आधी येतो आणि जो चाळीस सेकंद आधी येतो, त्या दोघांचे गुण सारखेच. भरती करणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्यांना शिपाई हवा असतो. पण ते चाळीस सेकंद कुठेही नोंदले जात नाहीत. तो पोरगा नोकरीला लागतो, आणि पळणं बंद करतो. नाही लागला तर दोन-तीन भरत्या करून किराणा दुकान टाकतो, तरीही पळणं बंद करतो.

मैत्रिणीची धाकटी मुलगी यंदा अशीच भरतीच्या तयारीत आहे. गेल्या महिन्यात मी सरांना घेऊन त्यांच्या गावी गेले होते. सरांनी जुनंच स्टॉपवॉच आणलं होतं. ते चालेना, मग माझ्या मोबाईलवर वेळ घेतली. किती आली ते लिहीत नाही, कारण कोणाला तरी दाखवायच्या आधी ती छापली जाऊ नये असं सरांचं म्हणणं पडलं. आई अंगणात उभी राहून सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "माह्यापेक्षा पाय लांब टाकते." नाशिकला पाठवायचं का यावर घरात अजून एकमत नाही. मुलीच्या वडिलांना आधी भरतीचा निकाल बघायचा आहे, आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. ज्या घरात एक पगार आला की तीन माणसांचं ठरतं, तिथे कोणत्याही प्रशिक्षकाला आधी नोकरीबद्दलच बोलावं लागतं. कविताला ओएनजीसी होती, ललिताला रेल्वे, अविनाशला सैन्य.

स्नेहमेळाव्याचा निधी शाळेच्या कमानीसाठी वापरायचा असं बहुमताने ठरत आलं आहे. कमान व्हावी. माझी सूचना आहे की त्यातला थोडा भाग दर वर्षी बाजूला ठेवावा: पीटीच्या शिक्षकांसाठी दोन चालणारी स्टॉपवॉच, वर्षातून एकदा जिल्ह्यातल्या आठ-दहा शाळांची मिळून १५०० आणि ३००० मीटरची शर्यत, आणि त्यात पहिल्या येणाऱ्या दोन मुलांना एका पालकासह नाशिक किंवा बालेवाडीला चाचणीसाठी नेण्याचा एसटीचा आणि चार दिवस राहण्याचा खर्च. वेळा गोळा करून, त्यापुढे वय आणि सरावाची वर्षं लिहून, प्रशिक्षकांना दर वर्षी यादी पाठवण्याचं काम मी करीन. ते मला येतं. कुठल्या पोरात दम आहे हे मला ओळखता येत नाही, ते सरांना आणि तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना येतं.

सरांच्या वहीची झेरॉक्स मेळाव्याच्या दिवशी वाचनालयातल्या टेबलावर ठेवलेली असेल, आपापली पानं शोधा. आणि रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा भागात जे कोणी शाळांवर आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. मला तुमच्या शाळांच्या स्पर्धांच्या तारखा हव्या आहेत, दिवाळीच्या आधीच्या.